सहा गाद्या

फेब्रुवारीत टेम्पोतून उतरल्या सहा गाद्या,
कुडाळच्या दुकानातून, पतपेढीच्या पैशांवर.
विश्रामने प्लास्टिक काढू दिलं नाही.
म्हणाला, पयल्या पाव्हण्याक नव्या गादीचो वास येवंक होयो.

मार्चमध्ये पुण्याचे फोन आले, लागोपाठ.
तो पंपाच्या खोलीमागे जाऊन बोलायचा
पाव्हण्यांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात:
"नाही नाही सर, हरकत नाही,
ॲडव्हान्स परत पाठवतो, तुम्ही तब्येत सांभाळा."
मग पंच्याने तोंड पुसून आत यायचा,
जेवून उठल्यासारखा.

देवबागेत एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला खाडी.
मधल्या वाळूत आमच्या दोन खोल्या,
रोज झाडलेल्या.
रोज तो चादरींच्या घड्या मोडायचा
आणि पुन्हा घालायचा.
पाव्हण्यांचे छोटे साबण आम्हीच वापरून संपवले,
तेव्हा रिकामी वेष्टनं त्याने खोक्यात परत रचली.
मी पाहिलं. बोलले नाही.

रापणीची दोरी ओढली की वाटा मिळतो, कुणालाही.
दहा वर्षांपूर्वी ती दोरी सोडून
त्याने दारावर पाटी लावली होती, निळ्या अक्षरांत.
आता पहाटे सगळ्यात मागे उभा राहायचा,
मास्क डोळ्यांपर्यंत ओढून.
आजाराला नव्हे, ओळखीला भिऊन.
पिशवीत मूठभर पेडवे आणायचा,
आणि आपण खाताना काटे मोजायचा.

पतपेढीचा पिग्मीवाला खानोलकर
गेटाबाहेर गाडी लावून उभा राहायचा.
त्याचंही कमिशन बुडालेलं.
पैशाचं नाव काढायचा नाही, पाणी मागायचा,
आणि तांब्या दुरूनच ठेवायला सांगायचा.
गाडीचा आवाज वळणावर आला
की विश्राम न्हाणीघरात.
नळ सोडलेला. बादली भरून वाहतेय.
अर्धा तास.

एका रात्री मी भांडी घासत होते.
तो दारात आला, हात मागे बांधून, किंचित वाकून.
"मॅडम, अजून काही हवंय का?"
मला हसू फुटलं.
तो हसला नाही.
उत्तराची वाट बघत राहिला,
अगदी अदबीने,
आणि माझ्या हातातलं ताट गार पडलं.
बारा वर्षांत ह्या माणसाने मला
कधी "अहो"सुद्धा म्हटलं नव्हतं.

झोप तर कधीच गेली होती.
चटईवर पडून बोटांवर काहीतरी जोडायचा,
पेरं संपली की पुन्हा अंगठ्यापासून.
"काय झाला?"
"कायएक नाय."
रोज तेवढंच. कायएक नाय.

आषाढातल्या कुठल्याशा रात्री
मी उठले, आडाळी घेतली,
पाव्हण्यांच्या खोलीत गेले
आणि पहिल्या गादीचं प्लास्टिक टरकन फाडलं.
तो धावत आला,
कुणी त्याचीच कातडी सोलल्यासारखा.
"ह्यां काय केलंस!"
मी टेबलावरचं रजिस्टर उघडलं.
नाव: विश्राम. गाव: हेच.
येण्याचं कारण: निजणे.
जाण्याची तारीख लिहिली नाही.
"हयसर नीज," म्हटलं. "भाडा मी बघतंय."

आधी तो कडेला टेकला, उठवतील म्हणून बसावं तसा.
मग रडला.
तेही आधी पाव्हण्यांच्या आवाजात, आवरून,
मग आपल्या.
नव्या गादीचा वास खोलीभर,
रबरासारखा, कडू. आवडावा असा काही नव्हता.

मी जागीच होते.
पाच गाद्या, आठ हप्ते, चेतनाची फी.
माझीही पेरं संपत होती.

सकाळी दहाला वळणावर गाडीचा आवाज आला.
मी गेटावर गेले, ओठांवर बोट ठेवून.
खानोलकरने माझ्याकडे बघितलं,
मग बंद खिडकीकडे.
इंजिन बंद केलं,
आणि वाळूतून गाडी ढकलत ढकलत
पुढच्या घराकडे गेला.